बास्केटबॉलमधील टेक्निकल फाउल : पंच निर्णय कसा घेतात आणि तो कसा अमलात आणतात

टेक्निकल फाउलची शिक्षा आज एका फ्री थ्रोपुरती, म्हणजे कोणाच्याही अडथळ्याविना बास्केटवर मारायच्या एका नेमापुरती, असते आणि त्यानंतर खेळ जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. तरीही आंतरशालेय सामन्यात पंचाने दोन्ही हातांनी ‘टी’ची खूण केली की जेवढी खळबळ उडते, तेवढी एखादा खेळाडू पाच फाउल होऊन बाहेर गेला तरी उडत नाही. याचे कारण उघड आहे. वैयक्तिक फाउल शरीराच्या स्पर्शाशी निगडित असतो आणि स्पर्श झाला की नाही हे निदान पाहता तरी येते. टेक्निकल फाउल वागणुकीशी निगडित असतो, आणि एखाद्याची वागणूक मर्यादेबाहेर गेली का, याचा निवाडा पंचाला क्षणार्धात करावा लागतो. हा निवाडा पंचाच्या त्या वेळच्या मनःस्थितीवर सोडला, तर खेळाडूंचा विश्वास उडायला वेळ लागत नाही. त्याला ठरलेली पद्धत असावी लागते, आणि ती पद्धत शिकता येते.

गोव्यात २०१४ च्या लुसोफोनिया (पोर्तुगीजभाषक देश-प्रदेशांच्या) क्रीडा स्पर्धांत आणि २०२३ च्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत बास्केटबॉलचा समावेश होता, आणि मोठ्या सामन्यांतील पंचांचे काम अनेकांना त्या वेळी जवळून पाहता आले. परंतु आपल्याकडचे बहुसंख्य सामने तालुका पातळीवरच्या शालेय स्पर्धांत आणि क्लबांच्या उघड्या सिमेंटच्या मैदानांवर होतात. तेथे पंच बहुधा शारीरिक शिक्षण शिक्षक असतो किंवा नुकताच खेळणे थांबवलेला एखादा खेळाडू असतो. पुढील विवेचन प्रामुख्याने अशा पंचांसाठी आहे. प्रशिक्षक, कर्णधार आणि गुणलेखक यांनीही ते वाचावे, कारण टेक्निकल फाउल टाळण्याची आणि तो नीट नोंदवण्याची अर्धी जबाबदारी त्यांच्यावर असते.

पहिली पायरी : कोणत्या नियमांनी खेळतो आहोत, हे निश्चित करणे

भारतातील स्पर्धा फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनुसार खेळल्या जातात. टेक्निकल फाउलविषयीचा नियम नियमपुस्तिकेच्या कलम ३६ मध्ये आहे आणि येथील सर्व विवेचन २०२४ च्या पुस्तिकेवर आधारलेले आहे. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की आपली मुले रात्री जागून एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतील व्यावसायिक लीगचे, सामने पाहतात आणि तेथील नियम सकाळी मैदानावर घेऊन येतात. त्यांच्याशी होणारे निम्मे वाद या गोंधळातून उद्भवतात.

एनबीएमध्ये खेळाडूचा टेक्निकल फाउल त्याच्या सहा वैयक्तिक फाउलांत धरला जात नाही. फिबामध्ये तो खेळाडूच्या पाच फाउलांपैकी एक असतो आणि संघाच्या फाउलांतही मोजला जातो. म्हणजे चार फाउल झालेल्या खेळाडूने पंचाशी उद्धटपणा केला, तर तो त्याचा पाचवा फाउल ठरून त्याला सामन्याबाहेर बसावे लागते. एनबीएमध्ये बचाव करणारा खेळाडू कोणालाही न रोखता तीन सेकंदांहून अधिक काळ रिंगखालच्या क्षेत्रात थांबला तर टेक्निकल फाउल दिला जातो. फिबामध्ये असा नियमच नाही. तेथे एका हंगामात १६ टेक्निकल फाउल झाले की एका सामन्याची बंदी येते, हीदेखील त्या लीगची स्वतःची व्यवस्था आहे.

मिशिगन विद्यापीठाच्या ख्रिस वेबरचा १९९३ मधील प्रसंग बास्केटबॉलच्या चाहत्यांना ठाऊक असतो. अमेरिकेतील महाविद्यालयीन अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाविरुद्ध संघ दोन गुणांनी मागे असताना, शेवटच्या काही सेकंदांत त्याने टाइम-आउट मागितला आणि संघाकडे एकही टाइम-आउट शिल्लक नव्हता. टेक्निकल फाउल झाला, सामना हातचा गेला. आपल्या खेळाडूंना हा प्रसंग सांगताना प्रशिक्षकांनी एक गोष्ट जरूर जोडावी. फिबाच्या नियमांत टाइम-आउट मागण्याचा अधिकार मुख्य प्रशिक्षकाला किंवा पहिल्या सहायक प्रशिक्षकाला असतो आणि तो गुणलेखकाच्या टेबलापाशी मागायचा असतो. मैदानावरील खेळाडूने खूण केली तरी पंच तिकडे लक्ष देत नाही.

दुसरी पायरी : कृती नेमकी ओळखणे

कलम ३६ प्रमाणे टेक्निकल फाउल म्हणजे स्पर्शाविना घडलेला, वर्तनाशी संबंधित असा फाउल. पंचाने दिलेल्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करणे, पंच, टेबलावरील अधिकारी किंवा बेंचवरील व्यक्तींशी अनादराने वागणे वा बोलणे, प्रेक्षकांना चिथावेल किंवा दुखावेल अशी भाषा वा हावभाव, प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवून त्याची दृष्टी अडवणे, कोपरे अवाजवी जोराने फिरवणे, बास्केट झाल्यावर चेंडूला मुद्दाम हात लावून किंवा थ्रो-इन (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणे) अडवून खेळ लांबवणे, फाउल झाल्याचे नाटक करणे, आणि रिंगला लोंबकळणे, अशी उदाहरणे नियमात दिली आहेत. ही यादी परिपूर्ण असल्याचा दावा नियमच करीत नाही. खेळाच्या भावनेशी मुद्दाम किंवा वारंवार असहकार केला तर तोही टेक्निकल फाउल धरता येतो.

या यादीतील काही कृती पाहताक्षणी कळतात. रिंगला लोंबकळण्याची कसोटी अशी की खेळाडूचे वजन रिंगने पेलले का. डंक केल्यावर (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये घातल्यावर) क्षणभर रिंग धरणे चालते, आणि खाली कोणी उभा असल्यामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून धरून राहणेही चालते. हे ठरवण्याचा अधिकार पंचाचा आहे. कोपरे फिरवताना प्रतिस्पर्ध्याला लागले तर प्रश्न टेक्निकल फाउलचा राहत नाही, तो वैयक्तिक किंवा अनस्पोर्ट्समनलाइक (अखिलाडू, अवाजवी स्पर्शाच्या) फाउलाकडे जातो. शेवटच्या फ्री थ्रोवर बचाव करणाऱ्या खेळाडूने गोलटेंडिंग केले, म्हणजे बास्केटकडे जाणाऱ्या चेंडूला बेकायदा हात लावला, तर नेम मारणाऱ्या संघाला एक गुण मिळतो आणि त्या खेळाडूवर टेक्निकल फाउलही नोंदवला जातो, ही बाब अनेक नवोदित पंचांच्या लक्षात राहत नाही.

फाउलच्या नाटकाविषयी सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण येथे अन्याय होण्याची शक्यता सर्वाधिक आहे. नियमांच्या अधिकृत स्पष्टीकरणानुसार कार्यपद्धती अशी आहे. नाटक दिसताच पंच खेळ न थांबवता कोपरापासूनचा हात दोनदा वर उचलून खूण करतो. खेळ थांबण्याची पहिली संधी मिळताच तो त्या खेळाडूला आणि त्याच्या मुख्य प्रशिक्षकाला इशारा दिल्याचे सांगतो. प्रत्येक संघाला असा एकच इशारा मिळतो. त्यानंतर त्या संघातील कोणत्याही खेळाडूने नाटक केले की टेक्निकल फाउल. स्पर्श मुळीच नसताना एखाद्याने अतिरेकी सोंग केले, तर इशाऱ्याविना थेट फाउल देण्याची मुभा आहे.

आता आपल्या मैदानांचा विचार करू. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघड्या कोर्टवर शेवाळ धरते, आणि बंदिस्त सभागृहातही दमट हवेमुळे घामाचे थेंब लाकडी जमिनीवर लवकर वाळत नाहीत. अशा जागी पडलेला प्रत्येक खेळाडू नाटकी नसतो. पंचाने आधी जमीन पाहावी, मग खेळाडूची मान आणि हात पाहावेत: घसरलेला माणूस हात टेकायला पाहतो, सोंग करणारा हात हवेत फेकतो आणि पडता पडता पंचाकडे बघतो. संशय असेल तर खूण करू नये. जमीन पुसून घेण्यासाठी खेळ थांबवणे हे पंचाचे कर्तव्य आहे आणि त्यात कोणाचाही अपमान नाही.

तिसरी पायरी : बोलणे तोलून पाहणे

प्रत्यक्षात सर्वाधिक अडचण अनादराच्या बोलण्याची असते. गोव्यात एका बेंचवर कोकणी, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषा एकाच वेळी चालतात. पंच आणि खेळाडू बहुधा एकमेकांना ओळखतात. फोंड्याच्या पंचाला डिचोलीच्या संघातला मुलगा कोणाचा हेही माहीत असते. या ओळखीमुळे दोन विरुद्ध चुका होतात. एक, ओळखीच्या मुलाचे बोलणे घरगुती समजून सोडून दिले जाते आणि तेच बोलणे परक्या संघाच्या खेळाडूने केले की फाउल दिला जातो. दोन, ओळखीच्या माणसाने बोललेले अधिक लागते आणि पंच गरजेपेक्षा कठोर होतो. दोन्ही टाळण्यासाठी पंचाने स्वतःला नेहमी तेच तीन प्रश्न विचारावेत, असा माझा आग्रह आहे.

पहिला प्रश्न, हे बोलणे कोणाला उद्देशून होते? चेंडू हुकल्यावर स्वतःवर चिडून काढलेला उद्गार आणि पंचाच्या तोंडावर फेकलेला तोच उद्गार यांत फरक आहे. पहिल्यासाठी ‘सांभाळ’ एवढे म्हणणे सहसा पुरते. दुसरा प्रश्न, ते निर्णयाविषयी होते की व्यक्तीविषयी? ‘सर, तो आधी हलला होता’ ही तक्रार आहे, आणि तक्रार ऐकून घेण्यात पंचाचे काही जात नाही. पंच विकला गेला आहे अशा अर्थाचे वाक्य त्याच्या प्रामाणिकपणावर हल्ला करते आणि ते पहिल्याच वेळी फाउलास पात्र आहे. तिसरा प्रश्न, ते सर्वांसमोर मांडले गेले का आणि पुन्हा पुन्हा होते आहे का? हात पसरून प्रेक्षकांकडे वळणे, निर्णय झाल्यावर टाळ्या वाजवणे, चेंडू जोरात आपटणे, पंचाचा पाठलाग करीत बोलत राहणे, या कृती शब्दांविनाही पुरेशा बोलक्या असतात.

पंचाला भाषा कळली नसेल तर अर्थ तर्काने लावू नये. सूर आणि हावभाव दिसले तेवढ्यावर निर्णय घ्यावा. सहकारी पंचाला ते शब्द ऐकू आले असतील तर चेंडू मृत असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, त्याला विचारावे. ‘काहीतरी वाईटच बोलला असेल’ या समजुतीवर दिलेला फाउल प्रशिक्षकासमोर टिकत नाही.

शांतपणे प्रश्न विचारण्याचा मार्ग नियमातच ठेवला आहे, हेही खेळाडूंना शिकवावे. चेंडू मृत असताना आणि सामन्याचे घड्याळ थांबलेले असताना कर्णधाराला पंचाकडून सौजन्याने माहिती विचारता येते. आपल्याकडे शालेय संघांत कर्णधार केवळ नाणेफेक आणि हस्तांदोलनापुरता असतो, ही खेदाची गोष्ट आहे. प्रशिक्षकांनी त्याला प्रश्न कसा विचारायचा हे सरावातच शिकवले, तर अर्धे टेक्निकल फाउल आपोआप टळतील.

चौथी पायरी : इशारा देणे

माझ्या दृष्टीने टेक्निकल फाउलच्या साऱ्या प्रकरणात इशाऱ्याइतके महत्त्वाचे काहीच नाही, आणि आपल्या सामन्यांत सर्वांत ढिसाळपणे हाताळली जाणारी गोष्टही तीच आहे. नियम पंचाला मुभा देतो की त्याने इशारा देऊन टेक्निकल फाउल टाळावा, आणि उघडपणे अनवधानाने झालेल्या, खेळावर थेट परिणाम न करणाऱ्या किरकोळ चुका सोडूनही द्याव्यात. मात्र इशाऱ्यानंतर तीच चूक पुन्हा झाली तर ही सवलत राहत नाही.

इशारा वैध ठरण्यासाठी चार गोष्टी लागतात. तो चेंडू मृत आणि घड्याळ थांबलेले असतानाच द्यावा. तो त्या खेळाडूला द्यावा. तो त्याच्या मुख्य प्रशिक्षकालाही कळवावा. आणि तो उरलेल्या सामन्यासाठी त्या संघातील प्रत्येकाला, त्याच प्रकारच्या कृतीबाबत, लागू होतो हे सर्वांनी समजून घ्यावे. धावता धावता खेळाडूच्या कानात ‘पुन्हा करू नकोस’ असे पुटपुटणे उपयुक्त असेलही, पण तो नियमाच्या अर्थाने इशारा नव्हे. ७ क्रमांकाच्या मुलाने बास्केट झाल्यावर चेंडू बाजूला ढकलला, त्याला असे पुटपुटून सोडले, आणि नंतर ११ क्रमांकाच्या मुलाने तेच केल्यावर पंचाने ‘टी’ दिला, तर प्रशिक्षक ‘आम्हाला कोणी सांगितले?’ असे विचारणारच, आणि त्याचे म्हणणे योग्य असेल. म्हणून इशारा देताना पंचाने बेंचकडे जावे, प्रशिक्षकाकडे पाहून एका वाक्यात कृतीचे नाव घ्यावे, आणि सहकारी पंचालाही ते ऐकू जाईल असे पाहावे. शब्द मोजके असावेत: ‘सर, बास्केटनंतर चेंडूला हात लावण्याबद्दल तुमच्या संघाला इशारा दिला आहे.’ याहून अधिक बोलण्याची आवश्यकता नाही.

चौथ्या क्वार्टरच्या आणि प्रत्येक जादा वेळेच्या शेवटच्या दोन मिनिटांत थ्रो-इनबाबत वेगळी तरतूद आहे. घड्याळ २:०० किंवा त्याहून कमी दाखवत असेल, तर थ्रो-इनसाठी चेंडू देताना पंच बचाव करणाऱ्याला रेषा न ओलांडण्याची खूण करून दाखवतो. ती खूण हाच इशारा असतो. त्यानंतर बचाव करणाऱ्याने शरीराचा कोणताही भाग रेषेपलीकडे नेऊन थ्रो-इनमध्ये अडथळा आणला, तर थेट टेक्निकल फाउल होतो. अटीतटीच्या सामन्यात हा नियम न कळल्यामुळे हाताशी आलेला विजय निसटतो, म्हणून प्रशिक्षकांनी तो मुलांकडून प्रत्यक्ष करून घ्यावा.

पाचवी पायरी : बेंचकडे लक्ष ठेवणे

बेंचवरील कोणत्याही व्यक्तीच्या गैरवर्तनाचा टेक्निकल फाउल मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर लागतो. प्रशिक्षकाने स्वतः गैरवर्तन केले तर गुणपत्रकात ‘सी’ आणि इतर कोणी केले तर ‘बी’ अशी नोंद होते. हे फाउल संघाच्या फाउलांत धरले जात नाहीत.

सामना सुरू असताना मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहायक प्रशिक्षक यांपैकी एकाच वेळी एकालाच उभे राहता येते, तेही आपल्या बेंचच्या क्षेत्रात. सहायकाने पंचांशी बोलायचे नसते. पाच फाउल होऊन बाहेर बसलेला खेळाडू, त्याला तसे कळवल्यानंतर, बेंचवरील व्यक्ती ठरतो. त्याने काही केले तर भुर्दंड प्रशिक्षकाला पडतो. एकाच वेळी सहा खेळाडू मैदानात असल्याचे घड्याळ चालू असताना लक्षात आले, तर प्रशिक्षकावर ‘बी’ फाउल लागतो. बदली खेळाडू मनाप्रमाणे आत-बाहेर करण्याची सवय लागलेल्या संघांनी याची विशेष दखल घ्यावी.

आपल्या शालेय सामन्यांत पालक बेंचला खेटून उभे राहतात आणि प्रशिक्षकाहून मोठ्याने ओरडतात. पालक हे बेंचवर बसण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तींत मोडत नाहीत आणि त्यांच्या ओरडण्याचा टेक्निकल फाउल संघावर लादता येत नाही. पंचाने सामना सुरू होण्यापूर्वीच आयोजकांकरवी बेंचचे क्षेत्र मोकळे करून घ्यावे आणि तेथे कोण बसणार हे गुणपत्रकावरील नावांशी पडताळून पाहावे. पुढे गोंधळ झालाच तर खेळ थांबवून आयोजकांना पाचारण करावे.

पंचांचा अधिकार सामन्याच्या नियोजित वेळेच्या २० मिनिटे आधी, ते मैदानावर येतात तेव्हा, सुरू होतो. म्हणून सरावाच्या वेळी रिंगला लोंबकळणाऱ्या खेळाडूवरही टेक्निकल फाउल लागतो. मध्यंतरात, तसेच सामन्यापूर्वीच्या वेळेत, खेळण्यास पात्र असलेले सर्व सदस्य ‘खेळाडू’ मानले जातात, त्यामुळे तो फाउल त्या खेळाडूच्या नावावर जातो आणि पुढच्या क्वार्टरच्या संघफाउलांत मोजला जातो.

सहावी पायरी : शिट्टी आणि त्यानंतरचे अर्धे मिनिट

निर्णय झाला की पंचाने शिट्टी वाजवून घड्याळ थांबवावे, ‘टी’ची खूण छातीच्या उंचीवर, सावकाश करावी आणि त्या खेळाडूपासून दूर होऊन टेबलाकडे चालू लागावे. खूण त्याच्या नाकासमोर करणे, बोट रोखणे, आवाज चढवणे यांमुळे फाउलाची जागा भांडण घेते. सहकारी पंचाने या वेळी पुढे येऊन खेळाडू आणि शिट्टी वाजवणारा पंच यांच्यामध्ये राहावे आणि कर्णधाराकरवी संघाला बाजूला न्यावे.

निर्दोष संघ स्पष्टपणे बास्केट करण्याच्या स्थितीत असेल, तर तो डाव पूर्ण होईपर्यंत क्षणभर थांबणे मला न्याय्य वाटते. नियमही सांगतो की गैरवर्तन लक्षात येण्यापूर्वी चेंडू जिवंत झाला असेल तरी खेळ थांबवून फाउल देता येतो आणि मधल्या काळात जे घडले ते वैध राहते.

स्वतःचा राग निर्णयात उतरला तर काय होते, याचे उदाहरण एनबीएमध्येच आहे. १५ एप्रिल २००७ रोजी डॅलसविरुद्धच्या सामन्यात सॅन अँटोनियोचा टिम डंकन बेंचवर बसून हसत होता, म्हणून पंच जोई क्रॉफर्ड यांनी त्याला दुसरा टेक्निकल फाउल देऊन बाहेर काढले. डंकन हा अत्यंत संयमी म्हणून ओळखला जाणारा खेळाडू होता. लीगने चौकशी करून क्रॉफर्ड यांनाच उर्वरित हंगामासाठी निलंबित केले. पुढील हंगामात ते परतले. अनुभवी पंचाच्या बाबतीतही कृतीपेक्षा तिच्यामागच्या अंदाजित हेतूवर निर्णय बेतला गेला की तो टिकत नाही.

सातवी पायरी : शिक्षा अमलात आणणे

पूर्वी टेक्निकल फाउलला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडू असे दोन्ही मिळत असे. २०१४ पासून फ्री थ्रो एकच झाला, आणि नंतर चेंडू मिळण्याचा भागही गेला. जुन्या खेळाडूंना हे सांगावे लागते, कारण काही जण आजही फ्री थ्रोनंतर मध्यरेषेवर चेंडू मागतात.

टेबलाजवळ पंचाने खेळाडूचा क्रमांक, फाउलाचा प्रकार आणि एक फ्री थ्रो ही खूण दाखवावी. गुणलेखकाने खेळाडूच्या रकान्यात ‘टी’ आणि त्यापुढे १ असे लिहावे आणि संघफाउलांचा एक चौकोन भरावा. प्रतिस्पर्धी संघाचा मुख्य प्रशिक्षक सांगेल तो खेळाडू फ्री थ्रो मारतो. तो तत्काळ घेतला जातो, इतर फाउलांच्या शिक्षा शिल्लक असल्या तरीही, आणि रीबाउंडसाठी (हुकलेला चेंडू पकडण्यासाठी) कोणी रांगेत उभे राहत नाही. त्यानंतर फाउल दिला गेला त्या वेळी ज्या संघाच्या ताब्यात चेंडू होता किंवा ज्याला तो मिळणार होता, त्याच संघाला चेंडू जिथे होता त्याच्या सर्वांत जवळच्या जागेवरून थ्रो-इन मिळतो. कोणाचाच ताबा नसेल तर ती जंप बॉलची स्थिती धरून टेबलावरील आळीपाळीच्या ताब्याच्या बाणाप्रमाणे चेंडू दिला जातो. सामना सुरू होण्यापूर्वीचा फाउल असेल तर फ्री थ्रोनंतर मध्यवर्तुळात जंप बॉलने, म्हणजे दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये चेंडू वर उडवून, सामना सुरू होतो.

आता म्हापसा आणि सांखळी येथील दोन काल्पनिक संघांची उदाहरणे घेऊ. म्हापशाचा खेळाडू पुढच्या अर्ध्या मैदानात चेंडू टप्पे देत खेळवत आहे, शॉट क्लॉकवर (नेम मारण्यासाठी उरलेली वेळ दाखवणाऱ्या घड्याळावर) ६ सेकंद आहेत, आणि सांखळीच्या खेळाडूवर टेक्निकल फाउल दिला जातो. म्हापसा एक फ्री थ्रो मारेल, चेंडू त्यांच्याकडेच राहील आणि शॉट क्लॉक १४ सेकंदांवर आणले जाईल. त्याच क्षणी फाउल म्हापशाच्याच खेळाडूवर दिला असता, तर फ्री थ्रो सांखळीने मारला असता. पण चेंडू पुन्हा म्हापशालाच मिळाला असता आणि शॉट क्लॉकवर ६ सेकंदच राहिले असते. फाउल करणाऱ्या संघाकडे चेंडू कसा राहिला, असा गलका येथे हमखास होतो. पंचाने थ्रो-इन देण्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना हे एका वाक्यात सांगितले तर तो शमतो.

दुसरे उदाहरण थोडे गुंतागुंतीचे आहे. सांखळीच्या खेळाडूने नेम मारणाऱ्याला फाउल केला, दोन फ्री थ्रो ठरले, आणि लगेच त्याच खेळाडूने पंचासमोर उपहासाने टाळ्या वाजवल्या. त्याच्या नावावर एक वैयक्तिक आणि एक टेक्निकल असे दोन फाउल लागतील आणि संघाचेही दोन फाउल वाढतील. आधी म्हापशाचा कोणीही एक खेळाडू टेक्निकल फाउलचा एक फ्री थ्रो मारेल, आणि मग ज्याला फाउल झाला तो आपले दोन फ्री थ्रो नेहमीप्रमाणे, रांगेतील खेळाडूंसह, मारेल. याच वेळी म्हापशाच्या एखाद्या खेळाडूनेही उलट डिवचले आणि त्यालाही टेक्निकल फाउल मिळाला, तर दोन्ही टेक्निकल फाउलांच्या समान शिक्षा एकमेकांत रद्द होतात आणि केवळ मूळचे दोन फ्री थ्रो उरतात. नोंदी मात्र दोघांच्याही नावावर राहतात.

आठवी पायरी : खेळाडू किंवा प्रशिक्षक बाद होणे

खेळाडूला दोन टेक्निकल, दोन अनस्पोर्ट्समनलाइक किंवा एकेक असे दोन फाउल झाले की तो उर्वरित सामन्यासाठी बाद होतो. प्रशिक्षक स्वतःच्या वर्तनाच्या दोन ‘सी’ फाउलांनी बाद होतो; किंवा एकूण तीन फाउलांनी, ते तिन्ही ‘बी’ असोत अथवा त्यांत एक ‘सी’ असो. गुणलेखकाने येथे डोळ्यांत तेल घालून काम करावे, कारण पहिल्या क्वार्टरमधला अनस्पोर्ट्समनलाइक फाउल चौथ्या क्वार्टरमध्ये पंचाला आठवेलच असे नाही. अशा वेळी शेवटच्या फाउलाचीच शिक्षा अमलात येते. बाद झाल्याबद्दल वेगळी शिक्षा नसते.

वर्तन अतिशय गंभीर असेल, म्हणजे धमकी, अश्लील शिवीगाळ किंवा अंगावर धावून जाणे, तर टेक्निकल फाउलाच्या पायऱ्या चढत बसू नये. तेथे थेट डिसक्वालिफाइंग फाउल आहे आणि त्याची शिक्षा दोन फ्री थ्रो व चेंडू अशी मोठी आहे.

बाद झालेल्या व्यक्तीने ड्रेसिंग रूममध्ये जाऊन तेथेच थांबावे किंवा इमारत सोडावी, असे नियम सांगतो. नावेली किंवा ताळगाव येथील बंदिस्त स्टेडियममध्ये हे सोपे आहे. शाळेच्या उघड्या कोर्टवर ड्रेसिंग रूमच नसते आणि बाद झालेला प्रशिक्षक कुंपणाला टेकून सूचना देत राहतो. म्हणून सामन्यापूर्वीच्या बैठकीत पंचांनी आयोजकांकडून एखादा वर्ग किंवा कार्यालय निश्चित करून घ्यावे आणि दोन्ही प्रशिक्षकांना ती जागा दाखवून ठेवावी. बाद झालेला खेळाडू अल्पवयीन असेल तर त्याच्यासोबत शाळेचा एक जबाबदार माणूस पाठवावा. मुलाला एकटे सोडू नये.

सामना संपल्यावर मुख्य पंचाने गुणपत्रक तपासताना टेक्निकल फाउलांची प्रत्येक नोंद आणि तिचा फ्री थ्रो जुळतो का हे पाहावे. डिसक्वालिफाइंग फाउल झाला असेल तर घडलेली कृती, ऐकू आलेले शब्द आणि घड्याळावरील वेळ एवढेच अहवालात लिहावे. हेतूविषयीचा तर्क आणि खेळाडूच्या स्वभावाविषयीचे मत त्यात नसावे. दोन्ही पंचांनी तो मजकूर वाचून मगच मुख्य पंचाने स्वाक्षरी करावी.